तुझ्या 'आपण'मध्ये कोण कोण

आमच्या घरातला कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी न विचारताही सांगतो, आणि सांगताना लाजत नाही. खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणतात. घोडा गेला, तलवार गेली, हाती राहिलं ते आडनाव आणि घरात बोलायची मराठी. वडील कपडा मार्केटमध्ये गाठी उचलायचे. मी बी.कॉम. झालो तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीत जिलेबी वाटली आणि त्यानंतर मला कधी पिशवीसुद्धा उचलू दिली नाही. "तुझं काम बोलायचं," म्हणायचे.

ते गेले, पण त्यांचं हे वाक्य मी फारच मनावर घेतलं. आज ज्या गोष्टीची टोचणी लागली आहे तिची मुळं बहुतेक तिथेच आहेत.

इंदुरात छत्रीबागेच्या मागे, खान नदीच्या बाजूला आमची बस्ती. आई अजून तिथेच राहते. मी लग्नानंतर स्नेहलतागंजात भाड्याचा फ्लॅट घेतला. आईला 'चल' म्हटलं होतं, दोनदा-तीनदा म्हटलं असेल. तिला तिथे करमत नाही, हे उत्तर मला सोयीचं होतं म्हणून मी ते लगेच मानलं.

नोकरी एका संस्थेत. काम असं की बस्त्यांमधल्या लोकांना वॉर्डाच्या बैठकीला आणायचं. पाणी, नाली, लाइट, कचरागाडी, जे काय असेल ते लोकांनी स्वतः साहेबांसमोर मांडावं. नेमून दिलेलं काम एवढंच, आणि ते मी मन लावून करायचो. घरोघर जायचो, हात जोडायचो, चिडवायचो, कुणाला रिक्षात घालून न्यायचो. आमच्या बस्तीतून तर हमखास गर्दी व्हायची. घरचा मुलगा बोलावतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

गर्दी व्हायची, पण बोलायचं कुणीच नाही. सगळे माझ्याकडे बघायचे. "आमचा मुलगा बोलेल," एवढं म्हणून खाली बसायचे. आणि मी बोलायचो. चांगली हिंदी, मधेमधे इंग्रजी, एकही मुद्दा न सोडता. बोलून झाल्यावर आजोबा मंडळी टाळ्या वाजवायची. बायका मात्र तोपर्यंत निघून गेलेल्या असायच्या. येताना दहा-बारा, आणि बैठक अर्ध्यात आली की पदर सावरत एकेक उठायची. मी ऑफिसात सांगायचो, "महिलांमध्ये अजून जागरूकता कमी आहे." हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतक्या ठासून बोललो आहे की आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

अशाच एका बैठकीत विषय आला बस्तीतल्या सार्वजनिक संडासाचा. बायकांच्या बाजूची भिंत खचली होती, छप्परही. ती बाजू पाडून नव्याने बांधायची, काम मंजूर झालेलं. महापालिकेच्या झोन ऑफिसचे साहेब भले माणूस. त्यांनी स्वतःहून विचारलं, "भिया, जब तक काम चलेगा, तब तक लोगों का क्या? गाड़ी वाला चाहिए, कि इंतजाम हो जाएगा?"

गाडीवाला म्हणजे चाकांवरचं फिरतं शौचालय. जत्रेत, मेळ्यात उभं करतात ते.

मी म्हणालो, "अपन देख लेंगे, सर."

आता हे वाक्य इंदूरच्या बाहेर समजावणं अवघड आहे. मराठीत आम्ही वेगळं आणि आपण वेगळं. 'आम्ही जेवलो' म्हटलं की तुम्ही त्यात नाही, 'आपण जेवू' म्हटलं की तुम्हीही पाटावर. हिंदीत दोन्हीला एकच 'हम', पण इंदूरच्या हिंदीत 'अपन' आहे, आणि हा 'अपन' मोठा बदमाश शब्द आहे. अपन म्हणजे आपण दोघं. अपन म्हणजे आम्ही सगळे. आणि पोरं तर नुसतं 'मी' म्हणायला पण अपन म्हणतात, "अपन तो चले, भिया." माझ्या डोक्यात त्या वेळी मराठीतला आपण होता. साहेब आणि मी, दोघं मिळून नंतर बसू, फोनवर ठरवू, असा. मला साहेबांच्या बरोबरीने 'आपण' म्हणायला आवडायचं, हेही खरंच.

साहेबांनी ऐकलं ते असं की बस्तीवाले आपापलं बघून घेतील.

पुढचा विषय स्ट्रीट लाइटचा होता. त्यावर मी फार छान बोललो.

त्यानंतर संस्थेने मला देपालपुरला पाठवलं, तिथल्या काही गावांमध्ये बैठका लावायच्या होत्या. रोज जाणं-येणं, घरी पोचेपर्यंत अंग मोडलेलं. आईशी फोनवर बोलायचो. जेवलीस का, गोळी घेतलीस का. ती म्हणायची, सगळं ठीक आहे. साहेबांना फोन करायचं माझ्या डोक्यातूनच गेलं. विसरलो, हा शब्द बरोबर नाही. विसरायला आधी ती गोष्ट मनात तरी असावी लागते. माझ्या मनात तिला जागाच नव्हती. त्या संडासाची पुरुषांची बाजू धड होती.

एका रविवारी बस्तीत गेलो. आईकडे काकी बसलेली. काकी म्हणजे आमच्या समोरच्या घरातली. सख्खी कुणी नाही, पण अख्खी गल्ली तिला काकीच म्हणते. तोंडाने तिखट, गुडघ्यांनी अधू, आणि चहाची इतकी शौकीन की कुणाच्या घरी स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला तरी "माझा पण टाक गं" असं ओट्यावरून ओरडणार.

आईनं चहा टाकला. काकी म्हणाली, "मला नको."

मी हसलो. "काकी, तब्येत बरी आहे ना? सूर्य कुठून उगवला आज?"

"नको म्हटलं ना."

"अर्धा घ्या."

"बीकॉम," काकी म्हणाली. मला ती नावाने हाक मारतच नाही. "तुला एकदा सांगितलेलं समजत नाही का रे?"

आईनं माझ्या हातात कप दिला आणि स्वतःसाठी बशीत दोन घोट ओतले, तेवढेच. मी चहा प्यायलो. छान झालाय म्हणालो. मला काही कळलं नाही.

चार दिवसांनी आईचा फोन आला की काकीला दवाखान्यात ठेवलंय. लघवीला आग, ताप, थंडी वाजून थरथर. मी पोचलो तेव्हा सलाईन लावलेलं होतं. तिची सून बाहेर बाकावर बसलेली. "काय झालं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे न बघता बोलली. "पाणी पीतच नव्हती ना. डॉक्टर चिल्लावले आम्हाला. बोलले, म्हातारीला पाणी पण देत नाही का तुम्ही?"

"का नाही प्यायच्या?"

"पिऊन जायचं कुठे, भैया?" मग तिनं सगळं सांगितलं. बायकांची बाजू पाडली त्याला किती दिवस झाले. गाडी आलीच नाही. रोडच्या पलीकडे बाजारात एक संडास आहे, तिथे जावं लागतं. रोडला ट्रॅफिक, तिथे चढायला पायऱ्या, आणि काकीचे गुडघे. तरण्या बायका पहाटे आणि अंधार पडल्यावर जातात, घोळक्याने. काकी एकदा गेली होती, रोडच्या मधोमध अडकली, गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. त्या दिवसापासून तिने पाणी तोडलं. चहा तोडला. वरण पण घट्ट मागायची.

मी म्हणालो, "मला कुणी सांगितलं का नाही?"

सून आता माझ्याकडे बघायला लागली. "तुम्हीच बोलून आला होता ना तिकडे, की आपलं आपण बघू? आजोबा लोकांनी सांगितलं. आम्हाला वाटलं, तुम्ही बघताय."

दवाखान्यातून मी तडक झोनला गेलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो, खोटं कशाला बोलू. रस्त्यात वाक्यं जुळवत होतो. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "भिया, मैंने तो पूछा था. आप ही बोले कि अपन देख लेंगे. मैं समझा, मोहल्ले वाले कर लेंगे."

"सर, मेरा मतलब था, अपन... यानी मैं और आप."

"मैं और आप?" ते खरोखर चकित झाले. "हम दोनों उसमें क्या देखते?"

रस्त्यात जुळवलेली वाक्यं आता कामाची नव्हती. ते पुढे म्हणाले की गाडीसाठी ते वर बोलतील, पण पुढच्या आठवड्यात बैठक आहे, तिथे बस्तीतलं कुणी उभं राहून मागेल तर काम लवकर होईल. "आप मत बोलना," ते हसून म्हणाले, "आपका तो रिकॉर्ड हे." गमतीत म्हणाले. मी पण हसलो. असा हसलो की आतून काहीतरी सोलवटून निघालं.

काकी घरी आली. मी गेलो तेव्हा ओट्यावर बसली होती, शाल गुंडाळून. शेजारी पाण्याची बाटली. सुनेनं ताकीद दिली होती, बाटली संपलीच पाहिजे.

मी पायाशी बसलो. म्हणालो, "काकी, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"मी तिकडे बोललो, आपण बघून घेऊ म्हणून. मला म्हणायचं होतं..."

"हो, समजलं मला. सगळं समजलं. फक्त एक सांग. तुझ्या त्या 'आपण'मध्ये कोण कोण होतं?"

मी बाटली उचलून तिच्या हाताजवळ सरकवली.

"मी होते?"

"काकी..."

"तुझी आई होती? सांग ना. मी तर इथून उठून तिथपर्यंत जाऊ शकत नाही, मी काय बघून घेणार होते? आणि तू तिकडे टाइल्सच्या बाथरूममध्ये. मग आपण कोण रे, बीकॉम?" रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, तिचे शिव्याशाप मी लहानपणापासून ऐकलेत. ती खरंच विचारत होती, हिशेब समजत नसल्यासारखी.

मी म्हणालो, "परवा बैठक आहे. तुम्ही बोलाल का?"

"मी? मला काय बोलता येतं? माझी हिंदी ऐकून लोक हसतात."

"हसू देत."

"तू लिहून दे."

"नाही," मी म्हणालो. "मी काही देणार नाही."

तिने बाटली तोंडाला लावली, दोन घोट घेतले. मग म्हणाली, "रिक्षा आण. बसमध्ये चढवू नको मला."

बैठक नेहमीच्याच धर्मशाळेच्या हॉलमध्ये होती. तो हॉल मीच ठरवलेला, फुकट मिळायचा आणि पंखे चांगले. काकी पुढच्या ओळीत बसली, सून बाजूला, हातात बाटली. आई पण आली होती. मी मागे, भिंतीला टेकून उभा. साहेब आले, पाणी-नालीचं झालं, आणि मग त्यांनीच विचारलं, छत्रीबागेच्या मागच्या बस्तीतून कुणी बोलणार का?

सवयीने सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझी जीभ, सांगतो, तोंडात वळवळली. मी खाली बघितलं.

काकी खुर्ची धरून उठली. "साहब, राम-राम. मेरे को एक बात पूछने की हे. इधर औरत किधर जाती?"

साहेबांना कळलं नाही. "मतलब, माताजी?"

"मतलब इधर, ये हॉल में. मेरे को अभी लगी तो मैं किधर जाऊँ?"

मागे पोरं खिदळली. एका आजोबांनी "अहो काकी, बसा खाली, काय हे" असं मराठीत दटावलं. काकी त्यांच्याकडे वळली. "तुम्ही गप बसा. तुम्ही आता बाहेर भिंतीवर करून आलात, बघितलं मी." हॉलमध्ये हशा फुटला. साहेब पण तोंडावर रुमाल धरून हसले.

काकी मात्र हसली नाही. तिने बाटली उचलून टेबलावर ठेवली. "डॉक्टर बोलता पानी पियो, नहीं तो मर जाओगे. तुम लोग बोलते बैठक में रुको, बोलो. मैं पानी पियूँ तो रुक नहीं सकती. रुकूँ तो पी नहीं सकती. घर में भी वही, इधर भी वही. पहले ये बताओ. फिर बाकी का बोलती मैं."

साहेबांनी धर्मशाळेच्या चौकीदाराकडे बघितलं. चौकीदार म्हणाला, मागे एक आहे, पण कुलूप असतं, किल्ली मागावी लागते. "किसी ने मांगी नहीं," तो म्हणाला.

कुणी मागितली नाही. भरल्या हॉलमध्ये परक्या पुरुषाकडे ती किल्ली कुठली बाई मागणार होती? मला त्या सगळ्या बैठका आठवल्या, पदर सावरत एकेक उठून जाणाऱ्या बायका, आणि त्यांच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात मान हलवणारा मी. हॉल निवडताना मी पंखे मोजून आलो होतो.

किल्ली आली. आधी काकी गेली, सुनेचा हात धरून. तिच्यामागे दुसरी उठली, मग तिसरी. सगळी बैठक थांबली. साहेब, आजोबा मंडळी, मी, सगळे पंख्याखाली गप्प बसून राहिलो. अवघडलेली शांतता होती, पण मला वाटतं त्या हॉलमध्ये आजवर झालेलं सगळ्यात कामाचं काही असेल तर तेच. बायका परत आल्या आणि या वेळी कुणी घरी गेली नाही. काकीनं गाडी मागितली. साहेबांनी 'अपन कुछ इंतजाम' असं काहीतरी सुरू करताच ती म्हणाली, "साहब, अपन-वपन नहीं. गाड़ी कौन भेजेगा, उसका नाम बोलो." त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं.

आईही एक वाक्य बोलली त्या दिवशी. उभी राहून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, "गाड़ी आदमी लोग के ओटले के सामने मत लगाना," एवढंच. मी तिला चार माणसांत बोलताना पहिल्यांदा ऐकलं. मला वाटायचं ती अबोल आहे.

गाडी आली. ओट्यापासून लांब, नीमाच्या झाडाच्या पलीकडे लावली. बांधकाम अजून चालूच आहे. काकी आता दर बैठकीला जाते आणि रिक्षाचे पैसे माझ्याकडून घेते, दंड म्हणून. मला हॉलच्या पाठीमागच्या किल्लीचं काम दिलंय. बैठकीच्या आधी जाऊन कुलूप उघडायचं, पाणी आहे का बघायचं. लोक आता मला 'बीकॉम' ऐवजी 'चाबीवाले भिया' म्हणतात. पदवी घेऊन इथवर पोचलास, असं कुणी चिडवलं तर मी चिडतो. स्वभाव जात नाही.

पण काकीचं एकवेळ समजू शकतो. काकी शेजारची. त्या दिवसांत आईपण रोड ओलांडत होती. रोज. आणि रोज फोनवर मी तिला विचारत होतो, सगळं ठीक ना, आणि ती हो म्हणत होती.

मागच्या आठवड्यात मी तिला विचारलं. संध्याकाळची वेळ, ती तांदूळ निवडत होती. "आई, तू मला का नाही सांगितलंस?"

"काय?"

"तेच. तेव्हाचं."

"असलं काय सांगायचं मुलाला," ती म्हणाली. खडा काढून बाजूला ठेवला. "आणि तू बोलला होतास ना तिकडे. मला वाटलं, तुला माहीत असणार. तुझंच तर घर."

"मग रोज जायचीस तिकडे?"

"जायचे."

"पाणी पीत होतीस?"

तिने आणखी एक खडा काढला. मी पुढे विचारलं नाही. बसून राहिलो. माझं मन भरून आलं होतं आणि मला वाटत होतं अजून थोडा वेळ इथेच बसावं, तिच्याजवळ, काहीतरी बोलावं, निदान तांदूळ तरी निवडू लागावं. बाहेर उजेड कमी होत चालला होता. आईनं ताट बाजूला ठेवलं. दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"जा आता तू," ती म्हणाली. "सूनबाई वाट बघत असेल."

"जातो. घाई काय?"

"अंधार पडतोय."

"पडू दे. गाडी आहे माझ्याकडे."

ती पुन्हा दाराकडे बघायला लागली, पदर सारखा केला, उठू की नको असं करत तशीच बसून राहिली. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या संडासाच्या गाडीजवळचा, नीमाच्या झाडाखालचा बल्ब दोन दिवसांपासून गेला होता, हे काकीने मला आल्या-आल्या सांगितलं होतं. अंधार पडायच्या आत आईला जायचं होतं. माझ्या डोळ्यांसमोरून उठून ती जाणार नव्हती.

मी उठलो, चप्पल घातली, येतो म्हणालो आणि गल्लीच्या वळणापर्यंत मागे वळून बघितलं नाही.